गोचीड ताप: निदान, तपासण्या आणि नोंद (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ताप सहा दिवस उतरत नाही. डेंग्यू निगेटिव्ह, मलेरिया निगेटिव्ह, टायफॉइड समजून सलाईनमधून इंजेक्शने चालू आहेत, आणि अंघोळ घालताना आईला लेकराच्या तळपायावर लालसर ठिपके दिसतात. गोचीड तापाचे निदान अनेकदा इतके उशिरा आणि असे योगायोगाने होते. वेळेवर ओळखला तर हा ताप साध्या, स्वस्त गोळ्यांनी बरा होतो. रुग्णाच्या घरचे, तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर, लॅब टेक्निशियन आणि आरोग्य सेवक नेहमी विचारतात ते प्रश्न खाली घेतले आहेत.

गोचीड ताप म्हणजे नेमके काय?

रिकेट्सिया नावाच्या अतिसूक्ष्म जिवाणूंमुळे होणारा ताप. आपल्याकडे यात मुख्य आहे रिकेट्सिया कोनोरी. त्याच्या तापाला वैद्यकीय पुस्तकांत इंडियन टिक टायफस म्हणतात. कुत्र्याच्या कानात, बोटांच्या बेचक्यांत दिसणारा तपकिरी गोचीड हा त्याचा प्रमुख वाहक. जिवाणू मादीच्या अंड्यांतून पुढच्या पिढीत जातात, त्यामुळे आजारी जनावराचे रक्त न पिताही गोचीड जन्मापासूनच जिवाणू बाळगून असू शकतो.

माणसाच्या शरीरात हे जिवाणू रक्तात नुसते तरंगत नाहीत. ते रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींत शिरतात आणि तिथेच वाढतात. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की पुढचे सगळे समजते. अस्तर सुजले की वाहिन्या पाझरतात, म्हणून पुरळ उठते, पावलांवर आणि डोळ्यांभोवती सूज येते, प्लेटलेट आणि सोडियम उतरतात. दुखणे वाढले तर कानाची पाळी, बोटांची टोके काळी पडू लागतात. रक्ताच्या तपासणीत जिवाणू सहज का सापडत नाहीत, याचेही कारण हेच.

गोचीड चावल्यापासून ताप यायला साधारण आठवडा लागतो. दोन दिवस ते दोन आठवडे एवढी मुदत धरून चालावे.

टायफस म्हणजे टायफॉइडच ना?

नाही, आणि या नावाच्या सारखेपणाने बरेच नुकसान केले आहे. टायफॉइड दूषित अन्न-पाण्यातून होतो, त्याचा जिवाणू वेगळा, औषध वेगळे. टायफॉइडसाठीच्या विडाल या रक्त तपासणीत थोडे आकडे वर आले म्हणून टायफॉइड ठरवला जातो आणि सेफ्ट्रियाक्सोन हे अँटिबायोटिक सुरू होते. सेफ्ट्रियाक्सोनचा रिकेट्सियावर काहीच परिणाम होत नाही, कारण पेशीच्या आत बसलेल्या या जिवाणूंवर पेनिसिलिन, सेफ्ट्रियाक्सोन किंवा जेंटामायसिन चालत नाही.

आमच्या गाईला गोचीड ताप झाला होता. तोच का हा?

नाव तेच, आजार वेगळा. जनावरांचे डॉक्टर ज्याला गोचीड ताप म्हणतात तो बहुतेक वेळा थायलेरिया किंवा बबेसिया या परजीवींमुळे होतो. गाईम्हशींमधले हे परजीवी गोठ्यात काम करणाऱ्याला लागत नाहीत. पण गोठ्यात गोचीड आहेत एवढी माहिती डॉक्टरांना जरूर सांगा, ती निदानाला उपयोगी पडते.

मग माकडताप? आणि स्क्रब टायफस?

तिन्ही तापांत अंगाला काहीतरी चिकटून चावलेले असते, म्हणून ते एकाच पिशवीत टाकले जातात.

माकडताप, म्हणजे क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, गोचिडामुळेच होतो, पण तो विषाणूचा आजार आहे. सिंधुदुर्गात दोडामार्ग परिसरात आणि गोव्यात सत्तरी तालुक्यात त्याचे रुग्ण सापडले आहेत. त्यावर गोचीड तापाचे औषध, म्हणजे डॉक्सिसायक्लिन, चालत नाही आणि तपासणीही निराळी असते. रुग्ण त्या भागातला असेल, काजूच्या बागेत किंवा जंगलात जात असेल, माकडे मेल्याचे कानावर आले असेल, तर दोन्ही आजारांचे नमुने पाठवावेत.

स्क्रब टायफस जिवाणूचाच आहे, रिकेट्सियाच्याच कुळातला आहे, औषधही तेच. पण तो गोचिडाने होत नाही. गवताळ, झुडपाळ जागी असणाऱ्या माइट नावाच्या किड्याची डोळ्यांना जेमतेम दिसणारी लालसर पिल्ले चावल्याने तो होतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या विदर्भात त्याची मोठी साथ आली आणि तेव्हापासून ‘स्क्रब’ हा शब्द दवाखान्यांत ओळखीचा झाला. गोचीड ताप मात्र अजून तितका ओळखीचा नाही.

शंका कधी घ्यावी?

पाच दिवस किंवा जास्त ताप आहे आणि कारण सापडत नाही, अशा प्रत्येक रुग्णात रिकेट्सियाचा विचार करावा, असे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची मार्गदर्शिका सांगते. अंगावर काळी खपली दिसली तर पाच दिवस पुरे होण्याचीही वाट पाहायची नाही.

पुरळ तापानंतर साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी येते. मनगट आणि घोट्यांपासून सुरुवात, मग हातापायांवर, धडावर, आणि विशेष म्हणजे तळहात-तळपायांवर. आधी सपाट गुलाबी ठिपके, दाबले की फिके पडणारे. पुढे काहींमध्ये ते जांभळट होतात आणि दाबले तरी तसेच राहतात. डेंग्यूचे पुरळ बहुधा छाती-पाठीवर पसरट लाली आणि मध्ये फिक्या बेटांसारखे दिसते. तळव्यांवर वेगवेगळे उठून दिसणारे ठिपके हे डेंग्यूपेक्षा रिकेट्सियाकडे बोट दाखवतात.

सावळ्या त्वचेवर हे ठिपके ट्यूबलाइटच्या उजेडात चक्क हुकतात. रुग्णाला खिडकीशी न्यावे, तळहात-तळपाय साबणाने धुऊन कोरडे करावेत, आणि मग पाहावे. शेतात अनवाणी काम करणाऱ्याच्या तळपायावर मातीचा थर आणि भेगा असतात. तिथे पायाच्या कमानीचा मऊ भाग पाहावा.

काळी खपली म्हणजे चावल्याची जागा. डॉक्टर तिला एस्कार म्हणतात. मसुराएवढी किंवा थोडी मोठी, मध्ये काळी, भोवती लाल कडा, जणू विडीचा चटका. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून रुग्ण ती सांगत नाही. ती शोधावी लागते: केसांच्या रेषेत, कानामागे, काखेत, स्तनांखाली, करदोट्याच्या ओळीवर, जांघेत, गुडघ्यामागे. लहान मुलांच्या डोक्यात कंगव्याने भांग पाडत पाहावे. स्क्रबपेक्षा आपल्याकडच्या गोचीड तापात ही खपली कमी वेळा सापडते, त्यामुळे नसली तर आजार नाही असे म्हणू नये.

आणि नेमका प्रश्न विचारावा. ‘गोचीड चावला का?’ म्हटले की बहुतेक जण नाही म्हणतात, कारण चावताना कळतच नाही. ‘घरात कुत्रा आहे का, त्याच्या अंगावरचे गोचीड कोण काढते, मूल त्याच्याजवळ झोपते का, गुरे कुठे बांधता’ असे विचारले की उत्तरे मिळतात.

तपासणी हाताशी नसेल तर नुसत्या लक्षणांवर अंदाज बांधता येतो का?

मुलांसाठी येतो, आणि ती पद्धत अकोल्यातल्या बालरोगतज्ज्ञांच्या कामातून आली आहे. २०११ साली ‘इंडियन पीडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात छापून आलेली राठी-गुडमन-अघाई गुणपद्धती एकूण ३५ गुणांची आहे. गोचीड चावल्याचे नक्की माहीत असणे, तळहात-तळपायांवर पुरळ आणि काळेजांभळे किंवा मृत त्वचेचे चट्टे यांना प्रत्येकी ३ गुण. पायांवर सूज, डोळे लाल होणे, यकृत वाढणे, सोडियम १३० च्या खाली जाणे यांना प्रत्येकी २. प्लेटलेट दीड लाखाच्या खाली, घरात पाळीव प्राणी अशा बाबींना १. बेरीज १४ किंवा जास्त झाली तर गोचीड तापाची शक्यता खूप मोठी.

यातले बहुतेक गुण डोळ्यांनी, हातांनी आणि जिल्ह्याच्या गावी होणाऱ्या साध्या रक्त तपासण्यांनी मिळतात, म्हणून ग्रामीण रुग्णालयात ही पद्धत फार उपयोगाची आहे. गुण १४ पेक्षा कमी आले तरी शंका दाट असेल तर उपचार अडवू नयेत.

कोणती तपासणी कोणत्या दिवशी करावी?

तपासणीचे नाव जितके महत्त्वाचे, तितकाच तापाचा दिवस महत्त्वाचा. निम्म्या चुका इथे होतात.

पहिल्या आठवड्यात अंगात प्रतिपिंडे तयार झालेली नसतात. या काळात रक्तातली प्रतिपिंडे शोधणारी कोणतीही तपासणी, मग ती वाईल-फेलिक्स असो, एलायझा असो की इम्युनोफ्लोरेसन्स, खोटी निगेटिव्ह येऊ शकते. या दिवसांत पीसीआर, म्हणजे जिवाणूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी, उपयोगी. त्यासाठी सर्वांत चांगला नमुना खपलीचा किंवा पुरळाच्या जागेच्या त्वचेच्या तुकड्याचा. रक्ताचा पीसीआर करता येतो, पण जिवाणू अस्तराच्या पेशींत बसलेले असल्याने तो बऱ्याचदा हुकतो. त्यामुळे रक्ताचा पीसीआर निगेटिव्ह म्हणजे आजार नाही, असे नव्हे.

दुसऱ्या आठवड्यापासून आयजीएम, म्हणजे संसर्गात आधी तयार होणारी प्रतिपिंडे, शोधणारी एलायझा चांगली चालते. पण आयजीएम बरे झाल्यावरही काही महिने रक्तात टिकू शकते. एकाच पॉझिटिव्ह रिपोर्टवरून आजचा ताप त्याचाच, असे ठामपणे म्हणता येत नाही.

पक्क्या निदानाची कसोटी आहे इम्युनोफ्लोरेसन्स, म्हणजे आयएफए: दोन नमुने, एक आजारपणात आणि दुसरा दोन ते चार आठवड्यांनी, आणि पातळीत चौपट वाढ. १:६४ म्हणजे सीरम (गोठलेल्या रक्तातून सुटणारे पाणी) ६४ पट पातळ करूनही प्रतिपिंडे दिसतात. १:६४ चे १:२५६ झाले तर चौपट. १:६४ चे १:१२८ झाले तर ती वाढ धरायची नाही, कारण एका पायरीचा फरक नुसत्या हाताच्या कामानेही पडतो. म्हणूनच दोन्ही नमुने एकाच लॅबमध्ये, एकाच दिवशी, शेजारी शेजारी लावले पाहिजेत. पहिल्या नमुन्याचा सीरम गोठवून जपला नसेल तर ही तुलनाच होत नाही.

जिवाणू वाढवून पाहण्याची कल्चर तपासणी नेहमीच्या लॅबमध्ये होत नाही आणि करूही नये. त्याला जैवसुरक्षा पातळी ३ ची लॅब लागते. साध्या ब्लड कल्चरमध्ये रिकेट्सिया कधीच वाढत नाही.

रिपोर्टमध्ये ‘स्क्रब टायफस आयजीएम: निगेटिव्ह’ आले. म्हणजे गोचीड ताप नाही ना?

असा अर्थ अजिबात काढू नका. या आजारात सर्वांत जास्त घात करणारा गैरसमज हाच आहे. स्क्रब टायफसचे किट फक्त स्क्रबच्या जिवाणूची, म्हणजे ओरिएन्शियाची, प्रतिपिंडे शोधते. गोचीड ताप रिकेट्सियाच्या ‘स्पॉटेड फीव्हर’ (ठिपक्यांचा ताप) गटात मोडतो, त्यासाठी त्या गटाची वेगळी आयजीएम एलायझा लागते. तालुक्याच्या, जिल्ह्याच्या लॅबमध्ये बहुधा पहिलेच किट असते, डॉक्टर चिठ्ठीवर ‘रिकेट्सिया’ लिहितात, लॅब जे आहे ते लावते आणि रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ म्हणून परत येतो. चिठ्ठीवर ‘स्पॉटेड फीव्हर ग्रुप आयजीएम’ असे स्पष्ट लिहावे. रिपोर्ट हातात आल्यावर किटचे नाव वाचावे.

वाईल-फेलिक्स जुनी तपासणी आहे. करावी का?

दुसरे काही नसेल तर करावी, पण तिच्या मर्यादा ओळखून. १९१६ मध्ये वाईल आणि फेलिक्स यांना दिसले की टायफसच्या रुग्णांच्या सीरममध्ये प्रोटियस नावाच्या जिवाणूच्या गुठळ्या होतात. रिकेट्सिया आणि प्रोटियस यांच्या पृष्ठभागावरचे काही घटक सारखे आहेत, तेवढाच या तपासणीचा आधार. गोचीड तापात प्रोटियसच्या ओएक्स-२ आणि ओएक्स-१९ या प्रकारांविरुद्धची पातळी वाढते, स्क्रबमध्ये ओएक्स-के या प्रकाराविरुद्धची.

१:८० किंवा जास्त म्हणजे ‘संभाव्य’, तेही लक्षणे जुळत असतील तर आणि एलायझाची जोड मिळाली तर. १:३२० किंवा चौपट वाढ असेल तर वजन जास्त. प्रोटियसमुळे झालेला लघवीचा संसर्ग, लेप्टोस्पायरोसिस, यकृताचे आजार यांतही ही तपासणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. आणि खरे रुग्ण ती मोठ्या संख्येने सोडून देते. निगेटिव्ह वाईल-फेलिक्सवर विसंबून डॉक्सिसायक्लिन थांबवणे म्हणजे धोका पत्करणे.

नमुना घेताना काय चुकते?

खूप काही चुकते, आणि लॅब कितीही चांगली असली तरी बिघडलेला नमुना ती सुधारू शकत नाही.

प्रतिपिंडांसाठी साध्या बाटलीत ३ ते ५ मि.लि. रक्त घ्यावे. अर्धा तास उभे ठेवून गोठू द्यावे, सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवून सीरम वेगळा करावा, मगच थंड डब्यात ठेवावा. सीरम वेगळा न करता बाटली थेट बर्फाच्या पिशवीला टेकवून एसटीने पाठवली की लाल पेशी फुटतात आणि लॅबला लालभडक सीरम मिळतो.

पीसीआरसाठी जांभळ्या टोपणाच्या, म्हणजे ईडीटीए असलेल्या, बाटलीत २ ते ४ मि.लि. रक्त. हिरव्या टोपणाची हेपॅरिनची बाटली वापरू नये, हेपॅरिन पीसीआरची अभिक्रिया अडवते. २ ते ८ अंश तापमानात, शक्यतो २४ तासांत पोहोचवावे.

खपली असेल तर ती सोन्यासारखी जपावी. भोवतालची त्वचा पुसून घ्यावी, निर्जंतुक सुईने कड हलकेच उचलावी, चिमट्याने खपली काढून कोरड्या निर्जंतुक डबीत ठेवावी. नंतर निर्जंतुक सलाईनने ओला केलेला स्वॅब खालच्या ओलसर तळावर जोर देऊन पाच-सहा वेळा फिरवावा आणि तोही वेगळ्या नळीत पाठवावा. रुग्णाला फारसे दुखत नाही. त्वचेचा तुकडा किंवा खपली फॉर्मेलिनमध्ये टाकली की पीसीआरचा मार्ग जवळजवळ बंद. बायोप्सी म्हटले की हात आपोआप फॉर्मेलिनच्या बाटलीकडे जातो, म्हणून आधीच सांगून ठेवावे.

नमुने डॉक्सिसायक्लिनच्या पहिल्या डोसाआधी घ्यावेत. नमुना घ्यायला माणूस नाही म्हणून डोस मात्र अडवू नये. आणि चिठ्ठीवर ‘ताप कधीपासून’ ही तारीख लिहावी. ती नसेल तर लॅबला रिपोर्टचा अर्थ लावता येत नाही.

रिपोर्ट येईपर्यंत थांबायचे का?

थांबू नये. रिपोर्ट जिल्ह्याबाहेरून येणार असेल तर त्यात आठवडा सहज जातो, आणि तोच आठवडा निर्णायक असतो.

४५ किलोपेक्षा जास्त वजनाच्या व्यक्तीला डॉक्सिसायक्लिन १०० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा, सात दिवस. मुलांना दर किलोमागे दिवसाला ४.५ मि.ग्रॅ., दोन डोसांत विभागून. १५ किलोच्या मुलाला दिवसाचे साधारण ६७ मि.ग्रॅ., म्हणजे एका वेळी ३३-३४. पर्याय म्हणून अ‍ॅझिथ्रोमायसिन: मोठ्यांना रोज एकदा ५०० मि.ग्रॅ., मुलांना किलोमागे १० मि.ग्रॅ., पाच दिवस. औषध डॉक्टरांनी तपासूनच द्यायचे, दुकानातून स्वतः आणून नाही. हे आकडे डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडावेत म्हणून दिले आहेत.

गोळी ग्लासभर पाण्यासोबत घ्यावी आणि अर्धा तास आडवे होऊ नये, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून जखम करते. दूध, अ‍ॅसिडिटीचे पातळ औषध, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या दोन तास लांब ठेवाव्यात, त्यांच्याबरोबर औषध नीट शोषले जात नाही. उलट्या थांबत नसतील तर शिरेतून द्यावे लागते.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. सल्फाची औषधे या आजारात दुखणे वाढवू शकतात. आणि रक्तवाहिन्या पाझरत असतात म्हणून बीपी कमी दिसले तरी सलाईन मोजून द्यावे. भराभर बाटल्या लावल्या की पाणी फुप्फुसात उतरते आणि सकाळी बोलणारा रुग्ण रात्री धापा टाकू लागतो.

डॉक्सिसायक्लिनने मुलांचे दात पिवळे होतात ना? गरोदर बाईला काय द्यायचे?

ही भीती जुन्या टेट्रासायक्लिनवरून आली आहे. थोड्या दिवसांच्या डॉक्सिसायक्लिनने दातांवर डाग पडल्याचे आठ वर्षांखालच्या मुलांच्या पाहणीत आढळले नाही. रिकेट्सियाची शंका असेल तर वय आडवे आणू नये. दातांच्या काळजीपोटी औषध टाळले आणि मुलाची बोटे काळी पडली, असे होऊ नये.

गरोदर स्त्रीला आपल्याकडे अ‍ॅझिथ्रोमायसिन, ५०० मि.ग्रॅ. रोज, पाच दिवस.

औषध सुरू केल्यावर ताप कधी उतरतो?

बहुतेकांचा ४८ तासांत. ही इतकी ठरलेली गोष्ट आहे की तिचा निदानाला आधार होतो. उपचार उशिरा सुरू झाले असतील तर थोडे जास्त दिवस लागतात. तिसऱ्या दिवसानंतरही ताप तसाच असेल तर निदान पुन्हा तपासावे: मलेरिया, लेप्टो, क्षय, की दोन आजार एकत्र?

गुंगी, झटके, श्वास लागणे, लघवी कमी होणे, कुठूनही रक्त येणे, बोटांचा किंवा कानाचा रंग बदलणे यांपैकी काहीही दिसले तर अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात हलवावे, आणि निघण्याआधी डॉक्सिसायक्लिनचा पहिला डोस द्यावा.

अंगाला गोचीड चिकटलेला सापडला. लगेच गोळी घ्यावी का?

नको. गोचीड तापासाठी नुसत्या चाव्यावर आधीच अँटिबायोटिक घेण्याचा सल्ला दिला जात नाही. बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेच्या अगदी लगत धरावा आणि सरळ वर, हळूहळू ओढावा. रॉकेल, चुना, तेल, पेटती काडी यांपैकी काही लावू नये. त्याने गोचीड लवकर सुटत नाही, उलट त्याची लाळ जखमेत जाते. नखांवर चिरडूही नये. चिरडलेल्या गोचिडाचा रस बोटावरच्या चिरेतून किंवा डोळ्यातून आत जाऊ शकतो, आणि कुत्र्याचे गोचीड हाताने काढून चिरडण्याची आपली सवय इथे महागात पडते. जागा साबणाने धुवावी, कॅलेंडरवर तारीख लिहावी, दोन आठवडे तापाकडे लक्ष ठेवावे.

आमच्या कुत्र्याला ‘टिक फीव्हर’ निघाला. आम्हाला होईल का?

कुत्र्यांचा टिक फीव्हर बहुधा एर्लिकिया कॅनिस या वेगळ्या जिवाणूचा असतो आणि तो कुत्र्याकडून माणसाला थेट लागत नाही. पण ज्या गोचिडाने तो दिला, तोच तपकिरी गोचीड रिकेट्सिया कोनोरीही वाहतो. म्हणजे कुत्र्याचा आजार ही घरात गोचीड असल्याची वर्दी समजावी. हा गोचीड घरातच पूर्ण आयुष्य काढू शकतो. पोट भरलेली मादी भिंतीच्या भेगेत, चौकटीच्या फटीत हजारोंनी अंडी घालते. नुसत्या कुत्र्याला औषध लावून भागत नाही, फटी बुजवाव्या लागतात आणि कुत्र्याचे अंथरूण गरम पाण्याने धुवावे लागते.

मुलगा न्यू जर्सीला आहे, आम्ही उन्हाळ्यात तिकडे जातो. तिथला लाइम रोग हाच का?

नाही. लाइम हा बोरेलिया या जिवाणूचा आजार आणि त्याचा गोचीडही वेगळा, काळ्या पायांचा. त्याची मे ते जुलैमध्ये फिरणारी पिल्ले खसखशीच्या दाण्याएवढी असतात. चाव्याभोवती हळूहळू पसरत जाणारा, पाच सेंटिमीटरहून मोठा लाल चट्टा ही तिथली खूण. तो दिसला तर रक्त तपासणीची वाट न पाहता उपचार करतात, कारण पहिल्या काही आठवड्यांत तपासणी निगेटिव्ह येऊ शकते. नंतरच्या टप्प्यात तपासणी दोन पायऱ्यांची असते, एका एलायझावर निदान पक्के करत नाहीत.

तिथे एक बाब आपल्यापेक्षा वेगळी आहे. काळ्या पायांचा गोचीड ३६ तास किंवा जास्त चिकटून राहिला असेल आणि काढल्यापासून ७२ तास उलटले नसतील, तर लाइम टाळण्यासाठी डॉक्सिसायक्लिन २०० मि.ग्रॅ.चा एकच डोस देतात. भारतात परतल्यावर ताप किंवा चट्टा आला तर ‘अमेरिकेत बागेत पाने गोळा केली होती’ हे डॉक्टरांना आपणहून सांगा. न विचारता सांगितल्याशिवाय त्यांच्या ते मनातही येणार नाही.

रुग्ण बरा झाला. आता नोंदीचे एवढे काय?

कारण नोंद नाही म्हणून किट नाही, आणि किट नाही म्हणून नोंद नाही. ज्या जिल्ह्याच्या कागदावर गोचीड ताप शून्य आहे, तिथे त्याची तपासणी कोण मागवणार?

देशात एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम २००४ पासून आहे, आणि एप्रिल २०२१ पासून त्याची नोंद एकात्मिक आरोग्य माहिती मंचावर ऑनलाइन होते. आरोग्य सेवक लक्षणांवरून ‘एस’ अर्ज भरतात, डॉक्टर संशयित निदानाचा ‘पी’, आणि लॅब पक्क्या निदानाचा ‘एल’. स्क्रबचा रकाना समोर दिसतो म्हणून गोचीड ताप त्यात ढकलू नये. शेऱ्यात आजाराचे नाव स्पष्ट लिहावे आणि जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्यांना वेगळे कळवावे. डिस्चार्ज कार्डवर ‘व्हायरल फीव्हर’ लिहून फाइल बंद करू नये. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात, म्हणजे आयसीडी-१० मध्ये, रिकेट्सिया कोनोरीच्या तापाचा संकेतांक ए७७.१ आहे, स्क्रबचा ए७५.३.

संशयित, संभाव्य आणि पक्का हे तीन शब्द सैलपणे वापरू नयेत. लक्षणे जुळतात तो संशयित. वाईल-फेलिक्स आणि आयजीएम एलायझाचा आधार मिळाला तो संभाव्य. पीसीआर पॉझिटिव्ह किंवा जोडनमुन्यांत चौपट वाढ, तोच पक्का. हे वेगळे ठेवले नाही तर या वर्षीचे आकडे गेल्या वर्षीच्या आकड्यांशी ताडून पाहता येत नाहीत.

रुग्णयादीत वय, गाव आणि वस्ती यांसोबत ताप सुरू झाल्याची तारीख, पुरळाची तारीख, कुत्रा-गुरांचा संपर्क, नमुना तापाच्या कितव्या दिवशी घेतला, किटचे नाव, आणि डॉक्सिसायक्लिनचा पहिला डोस कधी दिला हे असावे. शेवटच्या रकान्याला बहुतेक यादीत जागाच नसते. ताप आणि पहिला डोस यांत किती दिवस गेले, हे त्यावरूनच कळते. एका वस्तीत महिनाभरात दोन रुग्ण निघाले तर पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी फोन करावा.

बरा झालेला माणूस दुसऱ्या नमुन्यासाठी परत येतच नाही. काय करावे?

‘दोन आठवड्यांनी या’ असे तोंडी सांगून कोणी येत नाही. मजुरी बुडवून, तिकीट काढून, बरे वाटत असताना पुन्हा सुई टोचून घ्यायला माणूस का येईल? म्हणून डिस्चार्जच्या दिवशीच कार्डवर तारखा लिहाव्यात. ताप २ ऑक्टोबरला आला, पहिला नमुना ८ ऑक्टोबरला घेतला, तर दुसरा २२ ऑक्टोबर ते ५ नोव्हेंबर. त्याच मुदतीत गावात लसीकरणाचा दिवस किंवा उपकेंद्राच्या गावचा बाजारवार येतो का ते पाहावे, आशाताईंना नाव आणि तारीख द्यावी, आणि रक्त तिथेच घ्यावे. रुग्णाला कारणही सांगावे: आजार नक्की कोणता होता हे या रक्तावरून कळेल, आणि तुमच्या वस्तीत पुढच्या मुलाला ताप आला तर डॉक्टर पहिल्याच दिवशी तळवे पाहतील. एवढे समजावून सांगितले की बरीच माणसे येतात.